ओढण्याआधी फिरवा: ट्रकचा जाम झालेला इंजेक्टर काढताना

मुंबईच्या वडाळा ट्रक टर्मिनलच्या आसपासच्या गॅरेजांत पावसाळा सरला की एक तक्रार हमखास येते. सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ घेते, केबिनमध्ये जळक्या डिझेलचा वास येतो आणि इंजिन जागेवर चालू ठेवलं की ‘फुस-फुस’ ऐकू येतं. रेस वाढवली की तोच आवाज सलग होतो. इथे लिहिलेलं काम अशाच एका कंटेनर ट्रेलरवरचं आहे. सहा सिलिंडरचं कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारं), ओतीव लोखंडाचं हेड, सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह. इंजेक्टरची, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांची, डोकी टॅपेट कव्हरमधून वर आलेली आणि प्रत्येकाभोवती एक खोलगट खड्डा.

केबिन पुढे टाकून, तिची लॉकपिन बसली आहे हे हाताने चाचपून पाहिल्यावर टॉर्च लावून खड्डे बघितले. तिसऱ्या सिलिंडरचा खड्डा डांबरासारख्या काळ्या, चकचकीत थराने अर्धा भरलेला होता. बाकीचे पाच धुळकट पण कोरडे. तरीही सहाही खड्ड्यांत साबणाचं पाणी ओतून इंजिन चालू केलं, कारण डांबर जिथे दिसतं तिथूनच गळती आहे असं गृहीत धरणं बरोबर नाही. पंख्याच्या वाऱ्याने ते शेजारच्या खड्ड्यातही उडतं. बुडबुडे फक्त तिसऱ्यात आले.

हे डांबर येतं कुठून ते समजलं की काढायची पद्धत आपोआप सुचते. नोझलच्या, म्हणजे इंजेक्टरच्या फवारा सोडणाऱ्या टोकाच्या, मानेभोवती तांब्याचा वॉशर असतो. तो सीटवर (हेडमधल्या त्याच्या टेकायच्या जागेवर) नीट दबलेला नसला की प्रत्येक कंप्रेशनला आणि प्रत्येक स्फोटाला थोडा वायू वॉशरखालून वर निसटतो. त्या वायूत काजळी असते, अर्धवट जळलेलं डिझेल असतं. इंजेक्टर आणि हेडमधलं भोक यांच्यात मिलिमीटरच्या काही दशांशांचीच फट असते. वायू त्या फटीतून वर येताना थंड होतो, काजळी भिंतीला चिकटते आणि पुढच्या गरम वायूने भाजून कडक होते. मुंबईत याला दोन गोष्टींची जोड मिळते. गोदीच्या आणि न्हावाशेवाच्या गेटवर तासन् तास रांगेत इंजिन जागेवर चालू राहतं. तेव्हा ज्वलन थंड असतं आणि काजळी जास्त होते. दुसरी गोष्ट पाण्याची. चार महिन्यांचा पाऊस, खारी हवा आणि वर सर्व्हिस स्टेशनला प्रेशरने धुतलेलं इंजिन. खड्ड्यात साचलेलं पाणी जायला वाट नसते, आणि इंजेक्टरचा वरचा भाग गंजायला एवढं पुरतं.

म्हणजे इंजेक्टर तीन ठिकाणी धरलेला असतो. वर गंज, मधे फटीतला कार्बन आणि तळाशी सीटला चिकटलेला वॉशर. सरळ ओढलं तर या तिन्हींचा भार एकदम नोझल नटच्या (नोझल इंजेक्टरच्या अंगाला धरून ठेवणाऱ्या नटच्या) आट्यांवर येतो. फिरवलं तर प्रत्येक पकड गोलाकार घासून सुटते. हिशोबच करा. ३० सेंटिमीटरच्या पान्यावर २० किलोचा जोर दिला, तर १० मिलिमीटर त्रिज्येच्या इंजेक्टरच्या अंगावर तो ६०० किलोइतका होतो. तेवढीच ओढ स्लाइड हॅमरने (दांड्यावर वजन सरकवून ठोके देणाऱ्या पुलरने) द्यायची तर धक्के बसतात, आणि धक्क्याने आटे तुटतात. म्हणून जो इंजेक्टर फिरला नाही, त्याला ओढायचं नाही. या कामातली बहुतेक मोडतोड हा एक नियम न पाळल्यामुळे होते.

इंजिन बंद करून किमान दहा मिनिटं थांबल्याशिवाय हाय प्रेशर पाइपच्या कुठल्याही नटला पाना लावू नये. रेलमध्ये १,६०० बार आणि काही इंजिनांत त्याहूनही जास्त दाब असतो. एवढ्या दाबाची केसासारखी बारीक धार कातडी भेदून डिझेल थेट आत सोडते. वरून जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते, पण तशी दिसली तरी सरळ हॉस्पिटल गाठायचं. उशीर झाला तर बोट गमवावं लागतं. गळती हात फिरवून शोधू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

पहिल्या संध्याकाळी पाइपांना हात लावला नाही. खड्ड्यातलं डांबर लाकडी काडीने आणि पितळी ब्रशने खरवडून व्हॅक्युमने ओढून घेतलं. हवेची गन मारायचा मोह होतो, पण ती काजळी शेजारच्या कनेक्टरमध्ये जाते. मग थंड इंजिनवर एटीएफ आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून खड्ड्यात सोडलं. एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. ॲसिटोन त्याला पातळ करून बारीक फटीत नेतं आणि उडून जातं, तेल आत राहतं. हे दोन एकमेकांत मुरत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवूनच ओतायचं. ॲसिटोन झटकन पेट घेतं. गरम इंजिन, चालू बॅटरी, विडी-सिगारेट यांपैकी काहीही जवळ असता कामा नये. एका वेळी चमचा-दोन चमचे पुरतात. खड्डा काठोकाठ भरून ठेवला आणि वॉशरची वाट मोकळी असली, तर रात्रभरात सगळं सिलिंडरमध्ये उतरतं. मग स्टार्टर मारताच पिस्टन त्या द्रवावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. द्रव दाबला जात नाही.

सकाळी खड्ड्यात उरलेलं सगळं शोषून घेतलं. इंजिन बारिंग टूलने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून कुठे अडत नाही याची खात्री केली आणि मगच चालू केलं. पाणी ७० अंशांच्या आसपास गेल्यावर बंद केलं. गरम का करायचं, याबद्दल गैरसमज आहे. ॲल्युमिनियमचं हेड पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे तिथे भोक खरोखर मोठं होतं. ओतीव लोखंड आणि पोलाद मात्र जवळजवळ सारखंच वाढतात. लोखंडी हेडमध्ये उष्णतेचा उपयोग एवढाच की भाजलेला कार्बन आणि डांबर मऊ पडतं. त्यामुळे गॅसच्या ज्योतीने हेडवर शेक देण्यात अर्थ नाही. हेडला तडा जाण्याची भीती मात्र खरी आहे.

दहा मिनिटं थांबून वायरिंग सोडवलं, रिटर्न लाइन काढली आणि हाय प्रेशर पाइप उघडला. पाइपचा नट सोडवताना इंजेक्टरच्या बाजूच्या फिटिंगला दुसरा पाना लावून धरायलाच हवा, नाहीतर नटऐवजी फिटिंगच फिरतं. पाइप निघताक्षणी रेलच्या तोंडावर, इंजेक्टरच्या तोंडावर आणि पाइपच्या दोन्ही टोकांना स्वच्छ टोप्या लावल्या. चिंधी कोंबू नका. तिचा एक धागा नवा इंजेक्टर खराब करायला पुरेसा असतो.

ज्या इंजिनांत डिझेल हेडच्या बाजूने आडव्या कनेक्टर ट्यूबमधून इंजेक्टरच्या कमरेत शिरतं, तिथे आधी ती ट्यूब बाहेर काढावी लागते. ट्यूबचं टोक इंजेक्टरच्या खोबणीत घट्ट दाबलेलं असतं. ती तशीच ठेवून वर ओढलं तर ट्यूब, इंजेक्टर आणि कधी हेडसुद्धा जातं. आपल्या इंजिनात ही ट्यूब आहे की नाही, हे काम हाती घेण्याआधीच बघून ठेवा. त्याचबरोबर इंजेक्टर पाण्यातल्या तांब्याच्या स्लीव्हमध्ये बसतो का, हेही. बसत असेल तर आधी कूलंट काढून टाका, कारण इंजेक्टरबरोबर स्लीव्ह वर आली की सगळं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं.

इंजेक्टर दाबून धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट हे वेगळंच प्रकरण असतं. त्याच्या डोक्याच्या खाचेत धूळ आणि डांबर भरलेलं असतं. बिट पूर्ण खाली बसला नाही तर खाच गोल होते. खाच टोकदार सुईने साफ केली, बिट हातोडीने ठोकून बसवला आणि लांब दांड्याने एकाच संथ जोरात बोल्ट सोडवला. इम्पॅक्ट गन वापरली नाही. बोल्ट तुटला तर इंजेक्टर राहतो बाजूला आणि हेड लेथवाल्याकडे न्यावं लागतं.

इथे एक जुनी युक्ती आहे. क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण न काढता दोन फेरे सैल करायचा आणि स्टार्टर मारून कंप्रेशनलाच इंजेक्टर वर ढकलू द्यायचा. युक्ती चांगली आहे, पण ती किती जोर लावते ते माहीत असावं. क्रँकिंगला, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरताना, सिलिंडरमध्ये साधारण २५ ते ३० बार दाब होतो. वॉशर चिकटलेला असतो तोवर हा दाब फक्त ७ मिलिमीटर जाडीच्या नोझलच्या मानेवर पडतो, म्हणजे जेमतेम १०-१२ किलो. वॉशर सीटवरून उचलला गेला की तोच दाब १५ मिलिमीटर व्यासावर येतो आणि जोर ४५ ते ५४ किलोपर्यंत जातो. म्हणून वॉशर आधीच हललेला असेल तर युक्ती लागते, नसेल तर स्टार्टर आणि बॅटरी फुकट गरम होतात.

हे करताना सगळ्या इंजेक्टरांचे कनेक्टर काढा आणि ज्याचा पाइप काढला आहे त्या रेलच्या तोंडावर पूर्ण दाब झेलणारी पोलादी आंधळी टोपी लावा. धुळीसाठीची प्लास्टिकची टोपी इथे चालत नाही. पंपाच्या मीटरिंग युनिटचा (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणाऱ्या झडपेचा) कनेक्टर काढला म्हणजे डिझेल बंद झालं, असं समजणं धोक्याचं आहे. बऱ्याच पंपांत त्याची वीज तुटली की झडप पूर्ण उघडते आणि पंप भरभरून डिझेल देतो. क्लॅम्प पूर्ण काढून स्टार्टर तर कधीच मारू नये.

या इंजिनात क्रँकिंगने इंजेक्टर वर आला नाही. पण खड्ड्यात पुन्हा सोडलेल्या एटीएफमधून आता सगळ्या बाजूंनी बुडबुडे यायला लागले. आदल्या दिवशी ते फक्त एक्झॉस्टच्या बाजूने येत होते. फटीतली वाट सगळीकडून मोकळी झाल्याची ती खूण होती. अर्धा तास तसंच मुरू दिलं.

मग क्लॅम्प काढून फिरवायला घेतलं. पाना इंजेक्टरच्या अंगावरच्या सपाट बाजूंनाच लावायचा. वरच्या सोलेनॉइडला (विजेवर इंजेक्टर उघडणाऱ्या भागाला) किंवा त्याच्या नटला लावला तर ते आधी सुटतं. दिशाही महत्त्वाची आहे. नोझल नट इंजेक्टरच्या अंगावर उजव्या आट्यांनी बसलेला असतो आणि हेडमध्ये नेमका तोच चिकटलेला असतो. सुरुवातीलाच डावीकडे जोर लावला तर अंग नटमधून उघडत वर येतं. वाटतं इंजेक्टर निघाला, प्रत्यक्षात नोझल आणि नट खालीच राहतात. म्हणून पहिला जोर उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, आवळायच्या बाजूला. पान्याच्या दांड्याला पाइप घालून तो वाढवू नका.

नट खरोखर अंगाबरोबर फिरतो आहे हे वरून दिसत नाही. खात्रीसाठी सोपा उपाय म्हणजे दिशा बदलताना जाणवणारी पकड. दोन्हीकडे सारखाच अडथळा लागत असेल तर सगळा इंजेक्टर फिरतो आहे. डावीकडे एकदम हलकं आणि उजवीकडे जड लागलं तर थांबा, अंग नटमधून सुटतं आहे.

पहिली हालचाल डोळ्यांना दिसण्याआधी ऐकू येते. खड्ड्याच्या तळातून वाळूवर पत्रा घासल्यासारखा करकर आवाज आला आणि खड्ड्यातलं लालसर एटीएफ एका क्षणात काळं झालं. त्यानंतर घाई नको. दोन-तीन अंश उजवीकडे, तेवढंच डावीकडे, दोन थेंब तेल, पुन्हा तेच. वळण हळूहळू वाढत पाव फेऱ्यापर्यंत जाऊ द्यायचं. कार्बन आता चुरा होऊन तेलात मिसळतो. तो चुरा शोषून न घेता फिरवत राहिलं तर तोच पाचरीसारखा अडकतो आणि सुटलेला इंजेक्टर पुन्हा जाम होतो.

पाव फेरा मोकळा फिरल्यावर स्लाइड हॅमर लावला. नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारबाजारात स्लाइड हॅमर मिळतो, पण आपल्या इंजेक्टरच्या आट्यांना बसणारा ॲडॉप्टर बहुधा लेथवर करून घ्यावा लागतो. आटे गेजने मोजा, अंदाजाने नको. ॲडॉप्टर साध्या एमएसचा (माइल्ड स्टीलचा) केला तर आटे ओढले जातात. ईएन-२४ पोलाद घ्या आणि आट्यांची पकड किमान व्यासाइतकी लांब ठेवा. ओढ इंजेक्टरच्या मध्यरेषेत यायला हवी. बाजूच्या हाय प्रेशर फिटिंगला बांधून ओढलं तर इंजेक्टर तिरका होऊन भोकात आणखी आवळला जातो. मध्यरेषेत ओढायला बऱ्याचदा सोलेनॉइड उघडून त्याच्या आट्यांवर ॲडॉप्टर बसवावा लागतो. तसं केलं की तो इंजेक्टर पंप-नोझलवाल्याकडे पूर्ण उघडून, टेस्ट बेंचवर तपासल्याशिवाय परत वापरता येत नाही. आम्ही आधीच बदली इंजेक्टर मागवला होता, त्यामुळे हा निर्णय सोपा होता.

हॅमर हलका, ३ ते ४ किलोचा. मोठ्या धडाक्यापेक्षा छोटे, भराभर ठोके चांगले, आणि दर काही ठोक्यांनी पुन्हा पाना लावून फिरवणं. इंजेक्टर मिलिमीटर-मिलिमीटरने वर आला आणि ओ-रिंग भोकाच्या कडेला आल्यावर हाताने निघाला. अजिबात न फिरणाऱ्या, वरून गंजलेल्या इंजेक्टरला पोकळ हायड्रॉलिक जॅकचा पुलर लागतो. त्याचे पाय हेडच्या ओतीव भागावरच टेकले पाहिजेत, टॅपेट कव्हरच्या कडेवर किंवा रॉकरवर नाही. दाब देऊन थांबायचं, हळू ठोकायचं, पुन्हा थोडा दाब. एकसारखा दाब वाढवत नेला की काहीतरी तुटतंच.

बाहेर आलेल्या इंजेक्टरला वॉशर नव्हता. बऱ्याचदा तो सीटवरच राहतो. आत नवा टाकला तर एकावर एक दोन वॉशर होतात, नोझल वर राहतं आणि फवारा पिस्टनच्या वाटीत न पडता कडेवर पडतो. वाकवलेल्या तारेच्या आकड्याने तो ओढून काढला आणि गळतीचं कारण हातात आलं. वॉशरवर सीटच्या कडेचे दोन गोल ठसे होते, एकमेकांपासून किंचित सरकलेले. म्हणजे पूर्वी कोणीतरी इंजेक्टर काढून तोच वॉशर परत टाकला होता. तांबं एकदा दबलं की कडक होतं, दुसऱ्यांदा सीटच्या बारीक खाचा भरत नाही. लाल तापवून ते मऊ करता येतं, पण जाडी आधीच कमी झालेली असते. शंभर-दीडशे रुपये वाचवण्यासाठी घेतलेला हा धोका कुठल्याच हिशोबात बसत नाही.

आता सीट. निम्मे लोक इथे कंटाळतात आणि महिन्याभरात गाडी परत येते. नोझलच्या भोकात ग्रीस लावलेली कापसाची घट्ट गुंडाळी बसवली, तिला बाहेर राहील असा दोरा बांधून. भोकाच्या भिंती पितळी आणि नायलॉनच्या ब्रशने साफ केल्या. एमरी पेपर आत नेऊ नका. त्याची भुकटी सिलिंडरमध्ये गेली तर लायनर आणि रिंगा खाते. मग सीट कटरच्या दातांत ग्रीस भरून, फक्त हाताने आणि फक्त एकाच दिशेने, दोन-तीन फेरे. ग्रीस चुरा धरून ठेवतं. कटर बाहेर काढून पुसायचा, टॉर्च आणि छोट्या आरशाने बघायचं, पुन्हा दोन फेरे. सीटवर अखंड चमकती गोल पट्टी दिसली की थांबायचं. एक काळी रेघ पट्टी कापत गेलेली होती, ती जाईपर्यंत काम केलं. त्याहून जास्त कापलं की इंजेक्टर खाली बसतो. मग नोझल किती बाहेर येतं ते मोजून जाड वॉशर घालावा लागतो. हे वॉशर १.५, २, २.५ मिलिमीटर अशा जाड्यांत मिळतात. कुठला हवा ते मॅन्युअलमधल्या मापावरूनच ठरवायचं.

गुंडाळी काढल्यावर व्हॅक्युमची बारीक नळी आत घालून चुरा ओढला. नंतर भोकावर फडकं ठेवून, बाजूला उभं राहून काही सेकंद स्टार्टर मारला, पुन्हा सगळे कनेक्टर काढून आणि रेलची टोपी लावून. उरलेलं तेल आणि कार्बन फडक्यात आलं.

बसवताना नवा वॉशर, नवी ओ-रिंग, नवा क्लॅम्प बोल्ट आणि नवा हाय प्रेशर पाइप. जुन्या पाइपचं टोक जुन्या फिटिंगच्या आकारात दबलेलं असतं, ते नव्यावर सील धरत नाही. सिरॅमिक अँटी-सीझ इंजेक्टरच्या अंगावर पातळ लावलं. वॉशरवर आणि नोझलच्या टोकावर मुळीच नाही. बोल्टचं आंधळं भोक हवेने कोरडं करून घ्या. तळात तेल राहिलं तर बोल्ट तेलावर टेकतो, टॉर्क पाना ‘कट’ वाजतो आणि क्लॅम्प सैलच राहतो. अगदी नवा वॉशर असूनही गळती होण्याचं हे नेहमीचं कारण आहे. क्रम असा: क्लॅम्प हाताने, पाइपचे नट हाताने, मग क्लॅम्प मॅन्युअलमधल्या टॉर्क आणि अंशांनुसार, शेवटी पाइप. क्लॅम्प आधी पूर्ण आवळला तर पाइप आणि फिटिंग एका रेषेत येत नाहीत. कनेक्टर ट्यूबवाल्या इंजिनांत तर ट्यूबही क्लॅम्प पूर्ण आवळण्याआधी बोटाने आवळून घ्यायची, म्हणजे इंजेक्टर तिच्याशी जुळवून घेतो.

ज्या इंजेक्टरवर कॅलिब्रेशन कोड कोरलेला असतो, तो बसवण्याआधीच लिहून ठेवा. बसवल्यावर वाचता येत नाही. तो स्कॅनरने ईसीएममध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) त्याच सिलिंडरपुढे भरायचा. हातपंपाने एअर काढून इंजिन सुरू केलं, पुठ्ठा धरून सगळ्या जोडांवरून फिरवला आणि साबणाचं पाणी पुन्हा सहाही खड्ड्यांत टाकून पाहिलं. बुडबुडा नाही. तरी खरी परीक्षा लोड घेतल्यावर होते, म्हणून गाडी माल भरून एक फेरी मारून आल्यावर खड्डे परत तपासायचे. अंशांनी आवळलेला बोल्ट मात्र तेव्हा पुन्हा आवळायचा नाही.

उरलेल्या पाच इंजेक्टरांचे वॉशरही बहुधा त्याच वेळचे असणार, मग तेही काढावेत का? आमचं मत असं की क्लॅम्प सैल करून जे हाताच्या पान्याने सहज फिरतात त्यांचे वॉशर आणि क्लॅम्प बोल्ट बदलून घ्यावेत. जे फिरत नाहीत पण गळतही नाहीत, त्यांचा क्लॅम्प सैल केला असेल तर तसाच परत आवळू नये, कारण वॉशरवरचा दाब एकदा सुटलेला असतो. असा इंजेक्टर मग वरच्या सगळ्या पद्धतीने काढावाच लागतो. म्हणून वेळ आणि बदली इंजेक्टर हाताशी नसेल तर कोरड्या खड्ड्यातल्या क्लॅम्पला पाना लावू नका. मालकाने पुढच्या मोठ्या सर्व्हिसला पाचही करायचं ठरवलं आहे. तोवर प्रेशरने इंजिन धुणं बंद, आणि खड्ड्यांत पाणी साचलं तर ड्रायव्हरने ते त्याच दिवशी फडक्याने टिपून घ्यायचं.